मैना ते महाराणी

वेश्यावस्ती, तिथे अडकलेली तरुण मुलगी, तिला बाहेर काढू पाहणारा पुरुष आणि एक खून. एवढ्या सामग्रीवर भारतीय भाषांत कितीतरी चित्रपट निघाले. त्यांतल्या दोन ठळक चित्रपटांत अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, नटांची कामे आहेत. १९३९ साली प्रभात फिल्म कंपनीच्या 'माणूस'मध्ये शाहू मोडक यांनी वेश्येच्या प्रेमात पडलेल्या पोलीस शिपायाची भूमिका केली. १९९१ साली महेश भट यांच्या 'सडक'मध्ये सदाशिव अमरापूरकर कुंटणखान्याची मालकीण महाराणी झाले. दोन्ही चित्रपट लोकांनी उचलून धरले, पण त्यांतून लोकांनी जे घेतले ते अगदी वेगळे होते. 'माणूस'मधली मैना लक्षात राहिली. 'सडक'मधली नायिका पूजा विसरली गेली आणि महाराणी लक्षात राहिली. बावन्न वर्षांत प्रेक्षकाची नजर विकल्या गेलेल्या बाईवरून तिला विकणाऱ्यावर कशी सरकली, हे या दोन चित्रपटांच्या स्वागतातून नेमके दिसते.

शाहू मोडक यांचा जन्म १९१८ चा, नगरमधल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे मांडले आणि पुढच्या शंभर वर्षांत या गावात शाळा, छापखाने, दवाखाने यांच्याबरोबर एक अस्सल मराठी ख्रिस्ती संस्कृती रुजली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे वास्तव्य इथे होते. ख्रिस्ती भजने आणि कीर्तने मराठी वळणाची होती, टाळ-मृदंगाची होती. अशा गावातला मुलगा पडद्यावर पहिल्यांदा आला तो बाळकृष्ण होऊन. १९३२ सालच्या 'श्यामसुंदर' या चित्रपटात त्याने कृष्ण केला आणि तो चित्रपट पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. पुढे मोडकांनी कृष्णाच्या भूमिका इतक्यांदा केल्या की मराठी घरांतल्या कृष्णाच्या तसबिरीला त्यांचाच चेहरा चिकटला. १९४० मध्ये ते प्रभातचे ज्ञानेश्वर झाले. नट ख्रिस्ती आहे म्हणून ना कृष्ण नाकारला गेला ना ज्ञानेश्वर. त्या काळच्या मराठी प्रेक्षकाच्या मोकळेपणाचा हा पुरावा आवर्जून नोंदवण्याजोगा आहे, कारण 'माणूस'चे स्वागत समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

'माणूस' कृष्ण आणि ज्ञानेश्वर यांच्या मधला. व्ही. शांताराम यांनी तो केला तेव्हा शरच्चंद्रांच्या कादंबरीवरचा प्रमथेश बरुआंचा 'देवदास' देशभर गाजून चार वर्षे झाली होती. प्रेम मिळाले नाही म्हणून दारूत बुडून मरणारा नायक तरुणांच्या डोक्यात बसला होता. शांतारामांना त्याला उत्तर द्यायचे होते. अनंत काणेकरांनी पटकथा आणि गीते लिहिली, मास्टर कृष्णरावांनी संगीत दिले. मराठीत 'माणूस' आणि हिंदीत 'आदमी' असा चित्रपट दोन भाषांत निघाला.

कथा साधी आहे. रात्री पोलिसांची धाड पडते. धाडीत गणपत या शिपायाच्या हाती मैना ही वेश्या लागते आणि तो तिला पकडण्याऐवजी वाचवतो. दया म्हणून सुरू झालेली गोष्ट ओढीत बदलते. मैना झालेल्या शांता हुबळीकर हे या चित्रपटाचे खरे बळ. बैठकीत निरनिराळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांसमोर ती निरनिराळ्या भाषांत एकच गाणे म्हणते, त्या प्रसंगात तिचा सारा धंदा उघडा होतो. येणारा जो कोणी असेल त्याच्या भाषेत, त्याच्या चालीत त्याला रिझवायचे आणि स्वतःची भाषा अशी ठेवायचीच नाही. बघणाऱ्याला गाण्याची गंमत वाटते आणि गाणे संपता संपता तिच्या चेहऱ्यावरचा थकवाही दिसतो. खाली चहा आणून देणाऱ्या पोऱ्याचे काम राम मराठे यांनी केले आहे. पुढे गायक म्हणून त्यांचे नाव झाले.

गणपत मैनेला आपल्या आईकडे घेऊन जातो. आई सोवळ्यातली, भाबडी. मुलाने सून पसंत केली या आनंदात ती मैनेचे मनापासून स्वागत करते. हा प्रसंग सबंध चित्रपटाचा कणा आहे. शिव्याशाप मिळाले असते तर मैनेने ते झेलले असते, तिला त्यांची सवय होती. माया मात्र तिला झेपत नाही. त्या घरात राहण्याची आपली लायकी नाही असे ठरवून ती निघून जाते. तिच्या जिवावर जगणारा, तिला पिळणारा मामा पुन्हा आडवा येतो आणि तिच्या हातून त्याचा खून होतो. गणपत तिला सोडवायला धडपडतो, ती नकार देते आणि जन्मठेप पत्करते. गणपत देवदास होत नाही. तो पुन्हा कामावर रुजू होतो.

या चित्रपटात शृंगार आहे, गुन्हा आहे, पोलीस आहेत, तरीही तो थरारपट नाही. शांतारामांनी थराराचा मार्ग टाळला. प्रेमिकांच्या झाडाखालच्या गाण्यांची, त्या काळच्या बॉम्बे टॉकीजच्या पद्धतीची, चित्रपटातच थट्टा केली आहे. गणपत आणि मैना फिरता फिरता एका चित्रीकरणाच्या ठिकाणी पोचतात आणि तिथे चाललेले गोड नाटक पाहतात. खऱ्या वेश्येसमोर खोटे प्रेम ठेवून प्रेक्षकाला तुलना करायला लावण्याची ही युक्ती आजही ताजी वाटते.

'माणूस' पुण्या-मुंबईत आणि हिंदी रूपात देशभर चालला. समीक्षकांनी तो प्रभातच्या सर्वोत्तम चित्रपटांत धरला आणि ते स्थान अजून टिकून आहे. घरंदाज बायका 'माणूस' पाहायला गेल्या. वेश्येच्या कोठीवर घडणारा चित्रपट कुटुंबासह पाहता आला, याचे कारण कॅमेरा मैनेच्या अंगावर नव्हता, तोंडावर होता. दुसरे कारण शाहू मोडक. ज्या तरुणाला लोकांनी कृष्ण म्हणून नमस्कार केला होता तो पोलिसाच्या वेषात वेश्येच्या जिन्याखाली उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकाने त्याच्यावर संशय घेतला नाही. त्या चेहऱ्यामुळे प्रेक्षक निर्धास्तपणे त्या गल्लीत शिरला.

मधल्या पन्नास वर्षांत पडद्यावरची कोठी बदलत गेली. हिंदी चित्रपटाने तवायफ आणली, गझल आणली, लखनवी पेहराव आणला. मराठीत तमाशापटांची लाट आली. कायदाही बदलला. १९५६ साली वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापाराला आळा घालणारा देशव्यापी कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीने त्यातल्या 'स्त्रिया आणि मुली' या शब्दांच्या जागी 'व्यक्ती' आली, म्हणजे विकला जाणारा माणूस कुठल्याही लिंगाचा असू शकतो हे कायद्याने मान्य केले. कुंटणखाना चालवणारा, दलाल, त्या कमाईवर जगणारा हे सारे या कायद्याने गुन्हेगार ठरतात. गिऱ्हाईक मात्र बहुतेक वेळा कायद्यातून निसटते आणि चित्रपटांतूनही निसटते.

नगर जिल्ह्याच्या प्रेक्षकाजवळ आणखी एक पूर्वतयारी होती, ती तमाशाची. संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचे गाव, पुढे कांताबाई सातारकरांच्या फडाचेही. साडीतला पुरुष या प्रेक्षकाला नवा नव्हता. नाच्याच्या टाळ्या, लचके, तिरके बोलणे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. शहरी रंगभूमीवर बालगंधर्वांनी पुरुषाने स्त्री होण्याला सौंदर्याची परिसीमा गाठून दिली होती, तमाशाने त्याच गोष्टीतून हसू काढले. सौंदर्य किंवा हसू, या दोनच प्रतिक्रिया मराठी प्रेक्षकाला ठाऊक होत्या. साडीतल्या पुरुषाची भीती वाटावी असे त्याच्या अनुभवात नव्हते. ती भीती नगरच्याच एका नटाने आणली.

सदाशिव अमरापूरकर यांचे मूळ नाव गणेशकुमार नरवोडे. जन्म ११ मे १९५०, नगर. १९७४ च्या सुमारास त्यांनी रंगभूमीसाठी अमरापूरकर हे नाव घेतले. अमरापूर हे शेवगाव तालुक्यातले गाव. नगरमध्ये जवळचे लोक त्यांना तात्या म्हणत. इतिहास विषयात एम.ए. झालेल्या या माणसाने हौशी नाटकांपासून सुरुवात केली. १९७९ च्या '२२ जून १८९७' या चित्रपटात ते लोकमान्य टिळक झाले. १९८३ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान'चे दिग्दर्शन त्यांनी केले. 'हँड्स अप' या नाटकातले त्यांचे काम गोविंद निहलानींनी पाहिले आणि 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी त्यांच्याकडे आला.

रामा शेट्टीने हिंदीतला खलनायक घरगुती केला. तोवरच्या खलनायकांना अड्डा लागे, फिरती खुर्ची लागे, शेजारी बाई लागे. रामा शेट्टी आवाज न चढवता बोलतो. त्याला कशाची घाई नाही. या शांतपणानेच अंगावर काटा येतो. त्या कामासाठी अमरापूरकरांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. नंतर 'हुकूमत'सारख्या गल्लाभरू चित्रपटांतून ते ठरीव खलनायक झाले. त्याच काळात दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' मालिकेत त्यांनी महात्मा फुले उभे केले. ही मालिका नेहरूंच्या ज्या ग्रंथावर आधारली तो ग्रंथ १९४२ ते १९४५ च्या बंदिवासात नगरच्या भुईकोट किल्ल्यात लिहिला गेला. नगरच्याच नटाच्या वाट्याला त्यात जोतिबा यावेत, याचे नगरकरांना अप्रूप वाटले तर नवल नाही.

२० डिसेंबर १९९१ रोजी 'सडक' प्रदर्शित झाला. मार्टिन स्कॉर्सेसीच्या १९७६ सालच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'ची छाया त्यावर उघड आहे. झोप न लागणारा टॅक्सीचालक, वेश्यावस्तीतली कोवळी मुलगी, तिच्यासाठी पत्करलेला रक्तपात हे सारे तिथून आले. अमेरिकन चित्रपटातला नायक व्हिएतनाम युद्धातून परतलेला एकाकी सैनिक आहे आणि त्याचे डोके ठिकाणावर आहे की नाही, हा प्रश्न अखेरपर्यंत सुटत नाही. भटांनी हा प्रश्न मिटवून टाकला. संजय दत्तचा रवी वेश्यावस्तीत बहिणीचा शेवट पाहून आतून मोडलेला आहे, त्यामुळे त्याच्या रागाला भावाच्या रागाचे कारण मिळते. भारतीय प्रेक्षकासमोर एवढे एक कारण पुरते. पूजा भटची पूजा घरातल्याच वडीलधाऱ्याने कर्जापायी विकलेली आहे. 'माणूस'मधल्या मामाचे हे पुढचे रूप, पण मामा कथेच्या शेवटापर्यंत पोचला होता. 'सडक'मध्ये विकणारा नातेवाईक लवकरच बाजूला पडतो, कारण त्याच्याहून मोठे कोणीतरी पडद्यावर येते.

'टॅक्सी ड्रायव्हर'मधला दलाल लांब केसांचा, गोड बोलणारा पुरुष आहे. त्याच्या जागी भटांनी तृतीयपंथी घरवाली आणली, महाराणी. हा बदल चित्रपटाचा सर्वांत मोठा डाव होता. साडी, दागिने, कपाळावरची टिकली, आणि त्या सगळ्यातून डोकावणारा मधल्या वयाचा थोराड पुरुष. अमरापूरकरांनी बाईचे सोंग पूर्ण वठवण्याचा प्रयत्न केला नाही. बालगंधर्वांच्या परंपरेतला नट पुरुष पुसून टाकतो. इथे पुरुष आणि बाई दोन्ही एकाच वेळी दिसत राहतात आणि त्यांतले कोण बोलेल, कोण हात उगारेल याचा अंदाज येत नाही. महाराणी हसते तेव्हा समोरच्या मुली आक्रसतात. रामा शेट्टीचा संथपणा इथेही आहे, फक्त त्याच्या मागे आता एक दुखावलेला, अपमान गिळून निर्ढावलेला जीव आहे. पटकथेने त्या दुखावलेपणाला फारशी जागा दिली नाही. नटाने ती डोळ्यांतून मिळवली.

चित्रपट त्या वर्षातल्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला. त्याला पहिला हातभार लावला नदीम-श्रवण यांच्या संगीताने. कॅसेटचा तो सुवर्णकाळ होता. पानटपऱ्यांवर, रिक्षांत, लग्नाच्या बँडवर गाणी आधी पोचली आणि चित्रपट मागून. मोठ्या शहरांतून प्रिंट जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथून तालुक्याला आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत असा चित्रपटांचा उतरता प्रवास असे. नगर जिल्ह्यात जत्रांना तोटा नाही. होळीपासून पाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. अशा गर्दीवर टुरिंग टॉकीज जगत. ट्रकमधून उतरवलेला प्रोजेक्टर, मातीवर बसलेले लोक, बाया आणि बापे यांच्या मध्ये कनात, वाऱ्याने हलणारा पडदा आणि रात्रभर ओरडणारा कर्णा. कर्ण्यावरून चित्रपटाची जाहिरात करणारा माणूस गिऱ्हाईक कशाला भुलते हे पुरते ओळखून असे. या मंडळींच्या शेवटच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तोवर तंबू बहुतेक उठले होते. त्याआधीच व्हीसीआरने आणि १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांनी घराघरांत पडदा नेला होता, आणि 'सडक' असंख्य घरांत पोचला तो त्या छोट्या पडद्यावरून.

तंबूत असो की घरात, महाराणी आली की लोक गप्प होत आणि ती मरते तेव्हा शिट्ट्या वाजत. कुंटणखान्याला आग लागते आणि तिच्यासकट सगळे संपते, असा शेवट प्रेक्षकाला हवा होता आणि तो मिळाला. 'माणूस'मध्ये खुनाची किंमत मैनेने तुरुंगात जाऊन मोजली. 'सडक'मध्ये खून हाच न्याय झाला. पुढच्या वर्षी फिल्मफेअरने खलनायकी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा मिळाला सदाशिव अमरापूरकरांना, महाराणीसाठी. खलनायक हा सहायक नसून स्वतंत्र कसब आहे, हे हिंदी चित्रपटसृष्टीने अधिकृतपणे मान्य केले ते नगरच्या नटाच्या निमित्ताने.

हे यश मोठे होते, पण त्याची एक बाजू बोचणारी आहे. चांगली माणसे खलनायक करतात आणि लोक त्यांना रस्त्यात शिव्या घालतात, हा अनुभव मराठीत निळू फुल्यांनी सर्वांत जास्त घेतला. पण निळूभाऊंचा पाटील पाहून लोक पाटलांना घाबरले, आणि गावातल्या सत्तेला घाबरण्यात काही खोटे नव्हते. महाराणी पाहून लोक ज्यांना घाबरले ते सत्तेत नव्हते. सिग्नलवर टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या, घरातून हाकलल्या गेलेल्या तृतीयपंथी माणसांकडे आधीच संशयाने पाहिले जाई. 'सडक'ने त्या संशयाला चेहरा दिला, तोही इतका प्रभावी की तो पुसणे अवघड गेले. वेश्यावस्तीतल्या घरवाल्या बहुतेक वेळा पूर्वी स्वतःच विकल्या गेलेल्या बायका असतात. त्यांच्या पाठीशी सावकार असतो, घरमालक असतो, हप्ता घेणारा असतो आणि रोज येणारे गिऱ्हाईक असते. एवढ्या सगळ्यांचे पाप चित्रपटाने एका तृतीयपंथी माणसाच्या माथी मारले आणि त्याला जाळले. प्रेक्षक हलका होऊन बाहेर पडला. मैनेचा प्रेक्षक असा हलका झाला नव्हता.

'सडक' प्रदर्शित होण्याच्या दोन वर्षे आधी, १९८९ मध्ये, नगरमध्येच एक काम सुरू झाले होते. गिरीश कुलकर्णी आणि त्यांचे तरुण सहकारी शहरातल्या वेश्यावस्तीत जाऊ लागले आणि तिथल्या बायकांच्या मुलांसाठी 'स्नेहालय' ही संस्था उभी राहिली. आई गिऱ्हाईक घेत असताना त्याच खोलीत, नाहीतर बाहेर रस्त्यावर वेळ काढणारी मुले हा या कामाचा आरंभबिंदू. पुढे एचआयव्हीबाधित स्त्रिया आणि मुले, फसवून आणलेल्या अल्पवयीन मुलींची सुटका, टाकून दिलेल्या अर्भकांसाठी 'स्नेहांकुर', संकटातल्या मुलांसाठी मदतवाहिनी, सामुदायिक रेडिओ असा त्याचा पसारा वाढला. या कामाशी सदाशिव अमरापूरकर जोडलेले होते. सामाजिक कृतज्ञता निधी, अंधश्रद्धा निर्मूलन समिती, नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय यांच्याशीही त्यांचा संबंध होता. ज्या नटाने पडद्यावरचा सर्वांत भीतिदायक कुंटणखाना चालवला, तो गावी आला की वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी झटणाऱ्यांच्या बाजूला उभा असे. महाराणीची भूमिका त्यांना एवढी साधली याला ही जवळीक कारण असेल असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा, पण पडद्यावर जी गल्ली एका आगीत संपते ती गावात रोज सकाळी तशीच उभी असते, हे त्यांना ठाऊक होते एवढे निश्चित.

महाराणीच्या पायावर पाय ठेवून पुढच्यांनी बरीच पात्रे उभी केली. तमिळमध्ये २००० साली 'अप्पू' या नावाने 'सडक'चा पुनरावतार निघाला आणि त्यात महाराणीचे काम प्रकाश राज यांनी केले. हिंदीत १९९९ च्या 'संघर्ष'मध्ये आशुतोष राणा, २०११ च्या 'मर्डर २'मध्ये प्रशांत नारायणन यांनी साडीतला खुनी रंगवला. यांत अमरापूरकरांइतकी खोली क्वचितच साधली, ठसा मात्र गडद होत गेला. महेश भटांनी स्वतः मात्र एकदा उलट दिशेने पाऊल टाकले. १९९७ च्या 'तमन्ना'मध्ये परेश रावल यांनी केलेला टिक्कू हा तृतीयपंथी, कचऱ्यात सापडलेल्या मुलीला पोटच्या पोरीसारखे वाढवतो. चित्रपट सत्यघटनेवर आधारलेला होता, पूजा भट त्याची निर्माती होती आणि सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गर्दी मात्र 'सडक'लाच झाली होती. एकाच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांना मिळालेल्या या प्रतिसादावरून प्रेक्षकाला काय बघायचे होते ते कळते.

'सडक'च्या नायिकेने पुढे ज्या चित्रपटाची निर्मिती केली तो हिंदीतल्या कामुक गुन्हेपटांचा टप्पा मानला जातो. १७ जानेवारी २००३ रोजी 'जिस्म' प्रदर्शित झाला. श्रीमंत नवऱ्याचा काटा काढण्यासाठी वकिलाला जाळ्यात ओढणारी बायको, पाँडिचेरीचा समुद्र, बिपाशा बासू आणि पहिल्याच चित्रपटात जॉन अब्राहम. कथेची मुळे हॉलीवूडच्या १९४४ सालच्या 'डबल इन्डेम्निटी'पर्यंत जातात. पुढच्या वर्षी भटांच्याच विशेष फिल्म्सचा 'मर्डर' आला आणि छोट्या बजेटचा, देहाच्या पोस्टरवर खपणारा थरारपट हा सरळ धंदाच झाला. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या एकपडदा चित्रपटगृहांना मल्टिप्लेक्सच्या काळात जगवणाऱ्या चित्रपटांत हे होते. कुटुंबे आधीच टीव्हीकडे वळली होती. थिएटरात उरले ते मुख्यतः तरुण पुरुष, आणि चित्रपट त्यांच्यासाठी बनू लागला. इथे बाई विकली जात नाही, ती स्वतःच शिकारी असते. मैना खून करून तुरुंगात गेली तेव्हा प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी होते. 'जिस्म'ची सोनिया मरते तेव्हा प्रेक्षकाला ती मरायलाच हवी होती असे वाटते. देह भरपूर दाखवून शेवटी त्या देहाला शिक्षा द्यायची, हा या चित्रपटांचा ठरलेला व्यवहार झाला. प्रेक्षकाला पाहायलाही मिळाले आणि सज्जन म्हणून घरीही जाता आले.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंगओळखीचा हक्क दिला. मराठीत त्याआधी लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन आले होते. २०२३ मध्ये गौरी सावंत यांच्या लढ्यावरची 'ताली' ही वेबमालिका निघाली. जुन्या चित्रपटांकडे नव्याने पाहणाऱ्यांनी महाराणीवर कडक टीका केली आणि ती टीका योग्यच आहे. त्याच टीकाकारांतले अनेकजण अमरापूरकरांच्या अभिनयाला मात्र हात लावत नाहीत. भूमिका अन्यायाची होती आणि काम अस्सल होते, या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात.

अमरापूरकरांचा पडद्यावरचा शेवटचा ठळक प्रसंग २०१३ च्या 'बॉम्बे टॉकीज'मधला. दिबाकर बॅनर्जींच्या भागात नायकाच्या मृत वडिलांचे काम त्यांनी केले. नट म्हणून फसलेल्या मुलाला कानपिचक्या देणारा हा म्हातारा काही मिनिटेच दिसतो आणि सगळा भाग खाऊन टाकतो. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार नगरला झाले.

२०२० च्या ऑगस्टमध्ये 'सडक २' आला, तोही चित्रपटगृहात नव्हे, मोबाइलवर आणि टीव्हीवर दिसणाऱ्या ओटीटी मंचावर. कोरोनामुळे थिएटरे बंद होती. दिग्दर्शक महेश भटच होते, संजय दत्त पुन्हा रवी झाला, खलनायक होते रंगभूमीवरचे मकरंद देशपांडे आणि कथेच्या केंद्रस्थानी भोंदू बुवाबाजी होती. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूनंतर भट कुटुंबावर लोकांचा राग होता. यूट्यूबवर झलक येताच तिला एक कोटीहून अधिक नापसंती नोंदल्या गेल्या. चित्रपट अजून कोणी पाहिलाही नव्हता. २८ ऑगस्टला तो आला तेव्हा पाहणाऱ्यांनी आणि परीक्षकांनीही त्याला नाकारले, आणि त्या नाकारण्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा आली की यात महाराणी नाही.